सर्व्हिस आणि व्हॉलीला रॅकेट धरायची कशी?

गेल्या अंकात टेनिसच्या डबल्सबद्दल लिहिताना मी ग्रिपवर दोनच ओळी लिहिल्या होत्या, की सर्व्हिस आणि व्हॉली (बॉल टप्पा पडण्याआधीच मारणं) दोन्हीला कॉन्टिनेंटल ग्रिप धरा आणि हात ढिला ठेवा, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. त्यावर जी पत्रं आली ती वाचून ठरवलं की या वेळी दुसरा विषयच नको, कारण जवळजवळ प्रत्येकाची तक्रार तीच आहे, ग्रिप बदलली आणि होता तो खेळ पण बिघडला. पत्रं जागेसाठी थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

इंदिरानगरहून एक वाचक लिहितात:
वय ३८, रोज सकाळी सहा ते साडेसात डबल्स खेळतो. शाळेत असताना शेकहँड ग्रिप शिकवली होती, फोरहँड, सर्व्हिस सगळं तिच्यावरच चालतं. पहिली सर्व्हिस जोरात जाते पण दहातल्या दोन-तीनच आत पडतात, दुसरी म्हणजे नुसता बॉल ढकलणं. तुमचं वाचून कॉन्टिनेंटल धरली तर प्रत्येक बॉल डावीकडे, एक तर शेजारच्या कोर्टवर गेला. आठवडाभर करून सोडून दिलं. नक्की काय चुकतंय?

दादा, आठवड्यात सोडलंत याचं खरंच वाईट वाटलं, कारण बॉल डावीकडे जायला लागला म्हणजे ग्रिप बरोबर जागी बसली होती. पुढची एकच गोष्ट राहिली होती आणि ती तुम्हाला कोणी सांगितलीच नाही.

आधी जागा पक्की करू. रॅकेटचं हँडल गोल नसतं, त्याला आठ बाजू असतात, कोच लोक त्यांना बेव्हल म्हणतात. रॅकेट डाव्या हातात गळ्याशी धरा, हँडलचं बूड आपल्या पोटाकडे, आणि रॅकेट उभी ठेवा म्हणजे एक कड आकाशाकडे आणि एक जमिनीकडे, भाजी चिरताना सुरी धरतो तशी. आता हँडलची अगदी वरची सपाट बाजू ती एक नंबर. तिथून उजवीकडे घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं, त्याच्या शेजारची तिरपी बाजू दोन, उजवीकडची उभी बाजू तीन, त्याखालची तिरपी चार आणि अगदी तळाची पाच. उजव्या हाताची तर्जनी जिथे पंजाला जोडली जाते तिथे आतल्या बाजूला जो फुगीर भाग असतो तो दोन नंबरवर टेकवा, तळहाताची करंगळीच्या खालची गादी पण दोनवरच येऊ द्या, मग बोटं मिटा. झाली कॉन्टिनेंटल. तोच फुगीर भाग तीनवर टेकवला की तुमची शेकहँड, तिचं नाव ईस्टर्न फोरहँड, आणि चारवर गेला की सेमी वेस्टर्न, आजकालची बहुतेक मुलं फोरहँड तिच्यावर मारतात. शेकहँड म्हणजेच कॉन्टिनेंटल असं समजणारे खूप भेटतात, सकाळी कोर्टवर ठामपणे सांगणारेही भेटतात, पण त्या दोन वेगळ्या ग्रिप आहेत. अंगठा आणि तर्जनीमधला व्ही बघा असंही बरेच जण सांगतात, मला ती खूण भरवशाची वाटत नाही, कारण अंगठा जरासा सरकवला की व्ही फिरतो आणि पंजा मात्र होता तिथेच राहतो. बोटाचं मूळ खोटं बोलत नाही.

आता बॉल डावीकडे का गेला ते बघा. आठ बाजू म्हणजे पूर्ण फेरीचे आठ भाग, त्यामुळे हात एक बाजू सरकला की रॅकेटचं तोंड ४५ अंशांनी फिरतं. हँडलचा घेर साधारण ११ सेंटीमीटर असतो, म्हणजे तुमचा हात दीड सेंटीमीटरसुद्धा हलला नाही आणि रॅकेटचं तोंड ४५ अंश फिरलं. हात मात्र वीस वर्षांच्या सवयीने जसा फिरायचा तसाच फिरला, साहजिकच रॅकेटची जाळी नेटकडे न बघता डावीकडे बघत राहिली आणि बॉल तिकडे घसरला. यावर उपाय हात पुढे ढकलून तोंड सरळ करायचा नाही. उपाय असा की रॅकेट वर जाताना कड पुढे ठेवून जाऊ द्यायची, जणू कडेनेच बॉल कापणार आहात, आणि अगदी शेवटच्या क्षणी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आतून बाहेर वळवायचा म्हणजे तळहात आधी नेटकडे आणि मग बॉल गेल्यावर उजवीकडे बाहेर बघेल. याला प्रोनेशन म्हणतात, नाव अवघड आहे पण हालचाल रोजची आहे. मित्राला डोक्याच्या वर हात करून टाळी देताना हात आधी कडेने वर जातो आणि शेवटी तळहात उघडतो, तेच. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर लहानपणी क्रिकेट खेळला असाल आणि बाउंड्रीवरून थ्रो केला असेल तर तुमच्या हाताला हे आधीपासून येतंय, फक्त आता हातात रॅकेट आहे म्हणून तो बावचळलाय.

तुम्ही म्हणाल मग शेकहँडनेच काय वाईट होतं, जोरात तर जात होती. एक साधा हिशोब करून बघा. बेसलाइनपासून नेट ३९ फूट, नेटपासून सर्व्हिस लाइन २१ फूट, मिळून ६० फूट, आणि नेट मधोमध ३ फूट उंच. बॉल अगदी सरळ रेषेत गेला असं धरलं तर नेटला घासून सर्व्हिस लाइनवर पडायला तो साडेआठ फुटांपेक्षा जरा वरूनच मारावा लागतो. आपल्यासारख्या साध्या उंचीच्या माणसाची रॅकेट कशीबशी तेवढी पोचते. म्हणजे सपाट आणि जोरात मारलेल्या सर्व्हिसला नेट आणि लाइन यांच्यात चिरीएवढी जागा उरते, बॉल थोडा खाली झुकतो म्हणून त्यातल्या त्यात काही आत पडतात, तुमच्या दहातल्या दोन-तीन त्याच. बॉलवर फिरकी आली की तो नेटच्या वरून आरामात जाऊन खाली वळतो, आणि फिरकी यायची तर रॅकेट कडेकडून येऊन बॉलवरून घासत गेली पाहिजे. शेकहँड ग्रिपमध्ये रॅकेट पाठीमागे जातानाच तिचं तोंड आकाशाकडे उघडतं, चहाच्या कपांचा ट्रे खांद्यावर घेतल्यासारखं, आणि तिथून फक्त थापट मारता येते. तुमची दुसरी सर्व्हिस ढकलावी लागते त्याचं मूळ हे आहे.

करायचं काय तर बेसलाइनवर उभंच राहू नका. सर्व्हिस लाइनवर या, हँडल मधोमध आखूड धरा, रॅकेट आधीच डोक्यावर नेऊन कड नेटकडे करून ठेवा, छोटा टॉस टाका आणि फक्त हात वळवून बॉल पलीकडे टाका, जोर अजिबात नको. टप् असा भरीव आवाज आला की तोंड सरळ लागलं, खरवडल्यासारखा आला की वळायला उशीर झाला. रोज पन्नास बॉल, आणि आत जायला लागले की दोन पावलं मागे, असं करत बेसलाइनपर्यंत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना यात साधारण महिना जातो आणि पहिले दहा-बारा दिवस फार जड जातात. तेवढे दिवस मॅचमध्ये हवं तर जुनीच सर्व्हिस करा, पार्टनरला तसं सांगून ठेवा, पण सराव मात्र नवीनच. दोन्हीच्या मधली ग्रिप शोधत बसू नका, मोठ्या माणसाचा हात त्यात धड इकडचा राहत नाही ना तिकडचा. आणि पुढे कधी किक सर्व्हिस शिकायची वेळ आली तर तेव्हा हात किंचित एक नंबरकडे सरकवतात, तो आजचा विषय नाही.

देवळाली कॅम्पहून एक काका लिहितात:
वय ५४. नेटवर फोरहँड व्हॉली बरी जाते, बॅकहँडला रॅकेट हातात फिरते आणि बॉल वर उडतो, मग स्मॅश खावा लागतो. फोरहँडची ग्रिप धरून उभा असतो, बॅकहँडला बदलायला वेळच मिळत नाही. त्यात दोन महिने कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. रॅकेट मुलाची जुनी आहे, बुडाशी ३ लिहिलंय.

काका, आधी दुखण्याचं. दोन महिने दुखतंय म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच, ते काय सांगतील ते आधी आणि माझं नंतर. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकीत गुंतल्यात आणि मला त्या तिन्ही ग्रिपच्याच वाटतात.

ते ३ म्हणजे हँडलची साइज, ४ ३/८ इंच घेर. साइज ० पासून ५ पर्यंत येते, ० म्हणजे ४ इंच आणि पुढे प्रत्येक नंबरला १/८ इंच वाढतो. तुमच्या हाताला कुठली ते असं बघा, रॅकेट शेकहँडसारखी धरा आणि दुसऱ्या हाताची तर्जनी बोटांची टोकं आणि तळहाताची गादी यांच्यामधल्या फटीत घालून बघा. बोट नीट बसलं तर साइज बरोबर, शिरतच नसेल तर हँडल बारीक, ऐसपैस फिरत असेल तर जाड. बारीक हँडल बॉल लागल्यावर हातात फिरतं, ते फिरू नये म्हणून आपण न कळत आवळून धरतो, आणि तो ताण कोपराला जातो. जाड हँडलचंही तेच होतं, मूठ पुरत नाही म्हणून आवळतो. मुलाची रॅकेट वापरण्यात काही वाईट नाही, पण हात त्याचा आणि तुमचा एक नाही. बारीक निघालं तर नवीन रॅकेटच्या खर्चात लगेच पडू नका, एक ओव्हरग्रिप चढवली की साधारण अर्धी साइज वाढते, दोन चढवल्या की एक, त्यापेक्षा जास्त मात्र नको, हँडलच्या कडा मग हाताला लागतच नाहीत आणि दोन नंबर कुठला ते कळेनासं होतं.

आता वेळ मिळत नाही त्याबद्दल. तुमचं अगदी बरोबर आहे, वेळ नसतोच. समोरचा बेसलाइनवरून ताशी ९० किलोमीटरने मारतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि तुम्ही नेटपासून तीनेक मीटरवर उभे, तर बॉल पोचायला अर्धा-पाऊण सेकंद. चौघेही नेटवर आले की दोघांमध्ये सहा मीटर उरतात आणि वेळ याच्या निम्म्याहूनही कमी होतो. एवढ्यात बघायचं, ठरवायचं, ग्रिप फिरवायची आणि मारायचं हे कुणालाच जमत नाही. म्हणून तर व्हॉलीला एकच ग्रिप, दोन नंबर, फोरहँडलाही तीच आणि बॅकहँडलाही तीच. तिच्यात रॅकेटचं तोंड आपसूक जरा उघडं राहतं, त्यामुळे पायाशी आलेला खालचा बॉलही वर उचलून टाकता येतो. फोरहँड व्हॉलीला सुरुवातीला जोर नाही असं वाटेल, तुम्हाला शेकहँडची सवय आहे म्हणून तर नक्कीच वाटेल. तेव्हा मनगटाने झटका मारायचा मोह होतो, तो टाळा. खांदा वळवा, बॉल अंगाच्या पुढे घ्या, रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर ठेवा, आणि समोरच्या पायाचं पाऊल टाकत रॅकेट फूटभर पुढे नेऊन थांबवा, मागे न्यायचीच नाही. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवा, बॅकहँडला तोच रॅकेट मागे घेतो आणि खांदा आपोआप वळतो. उंच आरामात आलेला फोरहँड बॉल असेल तर काही चांगले खेळाडूही हात थोडा तीनकडे नेतात, पण ते त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत असतं, तुम्ही सध्या त्या वाटेला जाऊ नका.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सदर या वेळी एवढं लांबवतोय, ती म्हणजे किती घट्ट धरायचं. दोन नंबरची जागा पुस्तकात बघूनही सापडते, पण ती सापडली की लोक घाबरून मूठ अशी आवळतात की सगळंच फुकट जातं. आपल्याकडे गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा एकदा जाऊन जुन्या ढोलवाल्याचा हात बघा. नवीन पोरं टिपरू गच्च धरतात, अर्ध्या तासात हात भरून येतो आणि हाताला फोड येतात. जुना माणूस टिपरू हातात नुसतं ठेवल्यासारखं धरतो, ठोका पडताना तेवढी बोटं मिटतात आणि लगेच सैल, म्हणून तो मिरवणूकभर वाजवू शकतो आणि आवाजही त्याचाच मोठा. जुन्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर हातोडी धरतात ते बघितलं तरी हेच दिसेल. व्हॉलीची वाट बघत उभे असताना पकड दहापैकी तीन, बॉल लागतो त्या क्षणी सहा-सात, आणि परत तीन. मला स्वतःला लहानपणी उलटं सांगितलं होतं, घट्ट धर, रॅकेट पडता कामा नये, आणि मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना मनगट सहा महिने बांधून बसलो होतो, त्यामुळे कुणी आवळून धरलेली दिसली की मला राहवत नाही. सर्व्हिसला तर पकड याहून ढिली लागते, खालची तीन बोटं जेमतेम टेकलेली. आवळलेल्या मुठीत वर लिहिलेलं ते हात वळणं होतच नाही, स्वतः करून बघा, मूठ गच्च आवळून हात वळवा आणि मग सैल सोडून वळवा. एक मात्र आहे, कॉन्टिनेंटलला हातोडीची ग्रिप म्हणतात म्हणून चारही बोटं एकत्र चिकटवू नका, तर्जनी बाकीच्यांपासून जराशी वर सुटी ठेवा आणि हँडल तळहातावर तिरकं येऊ द्या.

व्हॉली बघून शिकायची असेल तर लिअँडर पेसचे जुने सामने बघा. १९९६ ला अटलांटाला त्याने सिंगल्समध्ये ब्राँझ घेतलं आणि १९९९ ला महेश भूपतीबरोबर फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही डबल्स जिंकल्या. बॉल कुठे जातो ते बघू नका, बॉल येण्याआधी त्याचा हात किती शांत असतो ते बघा.

पंचवटीहून एक निवृत्त शिक्षक विचारतात:
कॉन्टिनेंटल, ईस्टर्न, वेस्टर्न ही भूगोलाची नावं ग्रिपला कशी पडली?

सर, भूगोलावरूनच पडली. ईस्टर्न आणि वेस्टर्न म्हणजे अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग. पश्चिमेला कॅलिफोर्नियात सिमेंटची कोर्ट होती, तिथे बॉल खांद्यापर्यंत उसळायचा, म्हणून हात हँडलच्या खाली खाली गेला. कॉन्टिनेंटल म्हणजे युरोप खंडातली. पूर्वी सगळे फटके याच ग्रिपने मारणारे मोठे खेळाडू होऊन गेले, रॉड लेव्हर त्यातलाच. त्याने १९६२ आणि १९६९ ला एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि तेव्हा त्या चारांतल्या तीन गवतावर व्हायच्या, फक्त फ्रेंच मातीवर. गवतावर बॉल खाली राहतो, तिथे ही ग्रिप शोभते. पुढे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन दोन्ही स्पर्धा गवतावरून उठल्या, बॉल वर उसळायला लागला आणि फोरहँडला ही ग्रिप मागे पडली. सर्व्हिस आणि व्हॉलीत बॉल जमिनीवरून उसळून येतच नाही, म्हणून तिथे ती आजही तशीच आहे.

गंगापूर रोडहून एक आई लिहितात:
मुलगी नऊ वर्षांची, वर्षभर टेनिसला जाते. क्लासमध्ये सांगतात आत्ता फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करू दे, मोठी झाली की बदलू. मी तुमचं वाचून तिला घरी कॉन्टिनेंटल धरायला लावली तर रडायला लागली, म्हणते रॅकेट जड झाली. काय करू?

ताई, रडवून तर नकोच. पण मोठी झाल्यावर बदलू याच्याशी मी सहमत नाही, वर इंदिरानगरच्या दादांचं पत्र आहे ते मोठं झाल्यावर बदलण्याचंच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र मधली पायरी चालते, जी मोठ्यांना मी नको म्हणालो. बोटाचं मूळ दोन आणि तीनच्या मधल्या कडेवर टेकवू दे, महिन्या-दोन महिन्यांनी थोडं दोनकडे, लहान मुलांचा हात न सांगता सरकतो. व्हॉली आधी घ्या, सर्व्हिस नंतर, कारण व्हॉलीला तुम्ही दोन पावलांवरून हाताने बॉल टाकून देऊ शकता आणि तिला लगेच जमल्याचा आनंद मिळतो.

रॅकेट जड झाली म्हणते ते खरं असेल, तिचं ऐका. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास असेल तर तिला २५ इंची रॅकेट हवी, पूर्ण २७ इंची घेऊन दिली असेल वाढत्या अंगाची म्हणून, तर ती बाजूला ठेवा. कपडे वाढत्या अंगाचे चालतात, रॅकेट नाही. बॉल पण बघा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मऊ बॉल असतात, केशरी ठिपक्याचा नेहमीच्या बॉलपेक्षा ५० टक्के संथ आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के, आणि आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने २०१२ पासून या वयाच्या स्पर्धांना असे संथ बॉलच सक्तीचे केलेत. कडक पिवळ्या बॉलने शिकणारं मूल मनगट वाचवायला म्हणून स्वतःच फोरहँडची ग्रिप धरतं, त्यात त्याचा काही दोष नाही.

आणि घरी ग्रिप हा शब्दच काढू नका. रॅकेटच्या कडेवर, जाळीवर नाही, कडेवर बॉल टप्पे पाडत मोजायचा खेळ लावा, पाच झाले, सात झाले, बाबांचे किती होतात बघू. कडेवर बॉल उडवायला हात आपोआप दोनवर जातो, दुसऱ्या ग्रिपने ते अवघड जातं. ओव्हरग्रिपवर दोन नंबरच्या बाजूला मार्करने एक ठिपका काढून द्या, चेहरा काढला तरी चालेल. क्लासमधल्या सरांशीही एकदा शांतपणे बोला, मुलीला दोन ठिकाणी दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या तर तिचीच ओढाताण होते.

कॉलेज रोडहून एक विद्यार्थी:
मी डावखुरा आहे, सगळी चित्रं उजव्या हाताची. माझा दोन नंबर कुठला?

तुझा आठ नंबर, मित्रा. वरची एक नंबरची बाजू तीच, फक्त तू डावीकडे मोजायचं, शेजारची तिरपी बाजू ती तुझी, तर्जनीचं मूळ तिथे. तुझा बॉल सुरुवातीला उजवीकडे पळेल, कारण तेच. आणि एवढी मेहनत तू तर घ्यायलाच हवी, कारण या ग्रिपने मारलेली तुझी स्लाइस, म्हणजे बाजूने फिरकी दिलेली सर्व्हिस अ‍ॅडव्हांटेजच्या बाजूने, म्हणजे कोर्टाच्या डाव्या अर्ध्यातून केली की बाहेर वळत जाते आणि समोरचा उजवा असेल तर त्याला बॅकहँडला कोर्टबाहेर ओढते. ३०-४०, ४०-३०, अ‍ॅडव्हांटेज हे सगळे पॉइंट त्याच बाजूला येतात. डावखुऱ्या जॉन मॅकेन्रोने यावरच किती मॅचेस काढल्यात ते बघ, तो तर बाकीचे फटकेही कॉन्टिनेंटलनेच मारायचा.

ओझरहून एक वाचक:
हाताला खूप घाम येतो, पावसाळ्यात तर रॅकेट निसटते म्हणून घट्ट धरावी लागते. उपाय?

हा प्रश्न छोटा वाटतो पण घट्ट धरण्याचं अर्ध कारण हेच असतं. ओव्हरग्रिप दोन प्रकारच्या मिळतात, चिकट आणि कोरड्या. तुम्ही कोरडी, कापडासारखी लागणारी घ्या, चिकट असते ती घामाने ओली झाली की साबणासारखी होते. गुळगुळीत झाली की बदलायची, महिने मोजायचे नाहीत, आणि आठवड्यातून चार दिवस खेळत असाल तर दोन-तीन आठवड्यांत ती वेळ येतेच. छोटा नॅपकिन खिशात ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या आधी फक्त तळहात पुसा. इव्हान लेंडल खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा, आपल्याला तिथपर्यंत जायची गरज पडत नाही. नवीन ओव्हरग्रिप जुनीच्या वर गुंडाळू नका, जुनी काढून मग लावा, नाहीतर हँडल जाड होत जातं आणि देवळालीच्या काकांना लिहिलंय ते सगळं तुम्हाला लागू होईल.

सातपूरहून एक ताई:
कंपनीत शिफ्ट असते, कोर्टवर फक्त रविवारी जायला मिळतं. मधले सहा दिवस घरी ग्रिपसाठी काही करता येईल का?

ग्रिपचं काम तर घरीच जास्त होतं ताई, कोर्टवर बॉल समोर आला की डोकं बॉलमध्ये जातं. रॅकेट कपाटात ठेवू नका, दाराशी उभी करून ठेवा. येता-जाता डाव्या हाताने गळ्याशी उचलायची, डोळे मिटून उजवा हात हँडलवर ठेवायचा, बोटं ढिली मिटायची आणि मग डोळे उघडून बघायचं की बोटाचं मूळ दोनवर आलंय का. नसेल तर हात तिथेच सरकवून दुरुस्त करू नका, पूर्ण सोडा आणि परत पहिल्यापासून धरा, कारण हाताला जागा शिकायचीय. मग भिंतीपासून हातभर लांब, भिंतीकडे तोंड करून उभं राहून रॅकेट हळू वर न्यायची, कड भिंतीकडे, आणि वर गेल्यावर हात वळवून जाळी भिंतीला अलगद टेकवायची. दहा वेळा, चहा उकळेपर्यंत होतात. गच्चीवर किंवा उंच छत असेल तिथेच करा, पंखा बंद करून. डोळे मिटून सलग दहा वेळा हात बरोबर दोनवर बसायला लागला की त्या रविवारी बॉलची पिशवी घेऊन थेट सर्व्हिस लाइनवर जा, पहिले पन्नास बॉल तिथूनच.